चाचणी रद्द करणाऱ्याला नवी तारीख कधी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहन चालविण्याच्या पक्क्या परवान्याची चाचणी काही अडचणीमुळे आगाऊ रद्द करणाऱ्या उमेदवाराला पुढची तारीख किती दिवसांत मिळावी, याबद्दल कुठेच काही ठरलेले दिसत नाही. त्याचा फटका आमच्या घरी नुकताच बसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्या मुलीची चारचाकीची चाचणी गेल्या महिन्यात होती. तीन दिवस आधी तिला सडकून ताप आला. अशा अवस्थेत तिने स्टिअरिंगला हात लावू नये म्हणून त्याच रात्री आम्ही अपॉइंटमेंट रद्द केली. आपली जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळेल, असा भाबडा विचारही त्यामागे होता. लगेच नवी तारीख घ्यायला गेलो, तर पहिला मोकळा दिवस सव्वीस दिवसांनंतरचा निघाला आणि तिच्या शिकाऊ परवान्याची मुदत मात्र एकोणीस दिवसांत संपत होती. कॉलेजच्या परीक्षांमुळे तिने सराव उशिरा सुरू केला, ही आमची चूक मी नाकारत नाही.

मूळ ठरलेल्या दिवशी सकाळी मी चौकशीसाठी चाचणीच्या मैदानावर गेलो. निरीक्षक हातातील यादीतून एकेक नाव पुकारत होते, कोणी ‘ओ’ दिली नाही की नावापुढे लाल पेन्सिलीने फुली मारत होते. मी होतो तेवढ्या तासाभरात अशा सहा फुल्या झाल्या. मुलीचे नाव यादीत नव्हते, म्हणजे रद्द केल्याची नोंद व्यवस्थित झाली होती. पण तिच्या वेळेला दुसरे कोणी आलेही नाही. ट्रॅक मोकळा होता, निरीक्षक पुढच्या उमेदवाराची वाट पाहत उभे होते आणि तारखा मात्र महिनाभर ‘फुल्ल’ होत्या. खिडकीवर विचारले असता, मुदत संपली की नवा शिकाऊ परवाना काढा, असे शांतपणे सांगण्यात आले. फाटकाबाहेर एका गृहस्थाने ‘तारखेचं बघू की’ म्हणून आपणहून चौकशी केली, ती वेगळीच.

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार तो मिळाल्यावर किमान तीस दिवस गेल्याशिवाय चाचणी देता येत नाही. म्हणजे उमेदवाराच्या हाती खरे तर पाचच महिने असतात. नापास होणाऱ्याचा विचार कायद्याच्या कलम ९ मध्ये केलेला आहे: तो सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देऊ शकतो, आणि तीनदा नापास झाल्यास त्याला साठ दिवस थांबावे लागते. सात दिवसांनी पात्र होणे आणि प्रत्यक्षात तारीख हाती पडणे यांत अंतर असते, हे मला ठाऊक आहे. तरीही नापास झालेल्याला निदान किती दिवस थांबायचे ते कळते. आगाऊ कळवून जागा मोकळी करणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही. तो नव्याने रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहतो. न कळवता गैरहजर राहणाऱ्याचीही गत तीच होत असेल, तर रद्द करण्याची तसदी कोणी कशाला घ्यावी? त्याहून वाईट म्हणजे, तारीख हातची जाईल या धास्तीने एखादा अंगात ताप असतानाच गाडी घेऊन मैदानावर येईल.

परिवहन विभागाला माझी विनंती अशी की, रद्द झालेली वेळ त्याच दिवशी सर्वांना पुन्हा दिसू लागावी आणि ज्यांच्या शिकाऊ परवान्याची मुदत महिनाभरात संपणार आहे त्यांना अशा जागांवर पहिला हक्क मिळावा. अर्जात मुदतीची तारीख नोंदलेलीच असते, त्यामुळे ती शोधायला वेगळी यंत्रणा लागू नये. किमान दोन दिवस आधी रद्द करणाऱ्याला पंधरवड्याच्या आत एक पर्यायी वेळ राखून ठेवावी. याचा कोणी गैरफायदा घेईल अशी शंका असेल, तर ही सवलत एका अर्जावर एकदाच द्यावी. आणि ‘रद्द करा’ हे बटण दाबण्यापूर्वी पुढची उपलब्ध तारीख पडद्यावर दाखवली, तर निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेता येईल. आम्हाला ती आधी दिसली असती, तर त्या रात्री आम्ही रद्द करण्याआधी डॉक्टरांना विचारले असते, की तीन दिवसांत ताप उतरेल का.

तो दुसऱ्याच दिवशी उतरला. मुलीने आता नवा शिकाऊ परवाना काढला आहे आणि नियमाप्रमाणे तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजत आहे. गाडीच्या काचेवरची ‘एल’ची पाटी काढायला घेतली होती, ती तिने परत चिकटवली आहे.

आपला नम्र,
एक पालक