आदेश आहे, पण अंमलबजावणीचे काय?

महोदय,

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणांत न्यायालयांनी संरक्षण आदेश (म्हणजे पीडितेला त्रास देऊ नये, तिच्यापासून दूर राहावे, असे बजावणारे आदेश) अधिक तत्परतेने द्यावेत, असे सुचवणारा आपला अग्रलेख वाचला. मागणी रास्तच आहे. पण लेख आदेश हाती पडेपर्यंतच येऊन थांबला.

अमेरिकेतील कॅसल रॉक येथे जून १९९९ मध्ये एका आईकडे असाच आदेश होता. विभक्त पतीने तिन्ही मुलींना नेल्यावर तिने आदेश पोलिसांना दाखवला, रात्रभर पुन्हा पुन्हा फोन केले, शेवटी स्वतः पोलीस ठाण्यात गेली. ‘वाट पाहा’ असेच तिला सांगण्यात आले. पहाटे तिन्ही मुली पतीच्या गाडीत मृतावस्थेत सापडल्या. पुढे २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की, आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही. हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होते.

कायद्याला भिणारा माणूस आदेशाने थांबतो, आणि असे अनेक असतात. जो भीत नाही, त्याचा पहिला भंग बहुधा लहानसाच असतो: एखादा फोन, फाटकाबाहेर उभे राहणे. तो ‘घरगुती भांडण’ म्हणून सोडून दिला जातो. तेही बाई घर सोडते त्या सर्वाधिक धोक्याच्या काळात. स्पेनमध्ये २००९ पासून न्यायालयाच्या आदेशाने अशा पुरुषाच्या अंगावर उपकरण बसवता येते. तो तिच्यापासून ठरलेल्या अंतराच्या आत आला की नियंत्रण कक्षाला इशारा जातो. तिने फोन करण्याची वाट पाहावी लागत नाही. अग्रलेखात अशा उपायांचा उल्लेख हवा होता.

– एक वाचक