पाककृतीत वाटी नको, वजन द्या

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ब्राउन शुगर आणि पेकन हा अक्रोडासारखा सुकामेवा घालून भाजलेल्या वड्यांची, म्हणजेच अमेरिकी पद्धतीच्या ‘बार’ची, कृती वाचली. ओव्हन आता सोलापुरातील अनेक घरांत आहे, त्यामुळे अशा कृतीचे स्वागतच आहे. मात्र ‘ब्राउन शुगर नसल्यास तेवढाच गूळ घ्यावा’ ही सूचना पदार्थाच्या मुळावर येणारी असल्याने हे पत्र लिहीत आहे.

ही वडी खुसखुशीत नसावी आणि केकसारखी फुललेलीही नसावी. ती दाताखाली थोडी चिवट लागली पाहिजे. हा गुण मुख्यतः ब्राउन शुगरमधील मोलॅसिसमुळे, म्हणजे उसाच्या दाट, काळसर पाकामुळे, येतो, कारण त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज ओलावा धरून ठेवतात आणि वडी दुसऱ्या दिवशीही कोरडी पडत नाही. गुळातही हे घटक असतात, परंतु त्यातील पाण्याचे प्रमाण ढेपेगणिक बदलते, त्यामुळे एका घरी जमलेली कृती शेजारच्या घरी बिघडते. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात त्याहून सोपा मार्ग आहे: 200 ग्रॅम बारीक साखरेत गुऱ्हाळावरची दाट काकवी मोठा चमचाभर घालून हाताने चोळावी. कारखान्यातली मळी मात्र कोणी आणू नये. ती आसवनीत, म्हणजे मद्यार्क गाळण्याच्या कारखान्यात, जायची वस्तू आहे.

या साखरेला 115 ग्रॅम वितळवलेले लोणी, एक अंडे, 125 ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर पुरते. लोणी फेटू नये, वितळवावे. फेटल्याने हवा शिरते आणि वडीचा केक होतो. कृतीत दिलेली ‘एक वाटी’ कोणती, हे वाचकाने कसे ठरवावे? अमेरिकी कप साधारण 240 मिलिलिटरचा असतो, आपल्या वाट्या घराघरांत निराळ्या.

पेकन मूळचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण व मध्य भागातले आणि उत्तर मेक्सिकोतले. ते येथे महाग पडते, तेव्हा त्याच कुळातील अक्रोड 100 ग्रॅम घेतले तरी चालते. अक्रोडाच्या सालीचा किंचित कडवटपणा भाजल्याने कमी होतो. शेंगदाण्याला आपण सोलापूरकर सहसा नाही म्हणत नाही, पण येथे त्याची चव लोण्यावर कुरघोडी करते, असे माझे मत आहे. पेकनमध्ये सुमारे सत्तर टक्के स्निग्धांश असल्याने आपल्या उन्हाळ्यात ते लवकर खवट होते. उरलेले फ्रीजरमध्येच ठेवावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुरवणीत सुटली आहे, ती म्हणजे ओव्हनमधून ताट कधी काढावे. ‘टोचलेली काडी कोरडी निघेपर्यंत’ हा नियम केकचा आहे. आठ इंची चौकोनी ताट 180 अंश सेल्सिअसवर साधारण 20 ते 25 मिनिटे ठेवावे आणि कडा सोनेरी झाल्या, मधला भाग किंचित मऊ असला व काडीला ओलसर कण चिकटले की बाहेर काढावे. उरलेले काम ताटाची उष्णता करते. पूर्ण गार होण्याआधी कापल्यास वड्या मोडतात.

अंडे न खाणाऱ्या वाचकांसाठी दही सुचवले जाते, पण त्याने वडी मऊ होते, चिवट होत नाही. पुरवणीने तसे स्पष्ट लिहावे आणि पुढील कृतींत मापे ग्रॅममध्ये द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, सोलापूर