३० फेब्रुवारीचा हप्ता

प्रिय मन्या,

किती दिवसांत तुला काही लिहिलं नाही, रागावला असशील, पण आधी हे वाच. तब्येत ठीक, आईचा गुडघाही बरा.

झालंय असं की आमचा कर्जवसुलीचा प्रोजेक्ट जावाच्या ८ व्या आवृत्तीवरून १७ व्या आवृत्तीवर न्यायला घेतला आणि इनअ‍ॅक्सेसिबलऑब्जेक्टएक्सेप्शन (म्हणजे ‘आत हात घालायची परवानगी नाही’ अशी चूक) येऊन टेस्ट धडाधड पडल्या. बघतो तर कोणीतरी हप्त्यांच्या तारखा लोकलडेट.ऑफ ही तारीख बनवायची नेहमीची मेथड सोडून रिफ्लेक्शनने, म्हणजे चालत्या प्रोग्रॅममधून क्लासच्या आत मागच्या दाराने शिरून, बनवल्यात, प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारा, बाहेरच्यांना बंद असलेला कोड) शोधायचा, सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू करून कुलूप काढायचं, न्यूइन्स्टन्स मारून ऑब्जेक्ट बनवायचा. तारीख खरी आहे का ते ऑफमध्ये तपासतात, कन्स्ट्रक्टर आलेले आकडे नुसते भरून घेतो. म्हणजे जावा ८ वर ३० फेब्रुवारी बिनबोभाट तयार! आणि आमच्याकडे ती खरंच होती रे, तिच्यावर व्याज मोजून टेस्ट पास होत होती.

आता टीम म्हणते अ‍ॅड-ओपन्सचा फ्लॅग टाका, म्हणजे जावाचं बंद दार उघडेल, नि पुढे चला. मला नाही पटत. जावाने १६ पासून स्वतःचे आतले क्लास असे उघडू देणं बंद केलं, पण आपल्या क्लासचं काय? आमच्या कर्जखात्याचा कन्स्ट्रक्टरही प्रायव्हेट आहे, रक्कम शून्याखाली असली तर फॅक्टरी मेथड, म्हणजे तपासून खातं बनवून देणारी मेथड, ते देतच नाही, पण आमचा कोड जावाच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे आतलं बाहेरून बंद ठेवणाऱ्या गठ्ठ्यांमध्ये, बांधलेला नाही, त्यामुळे तिथे रिफ्लेक्शन १७ वरही चालतं आणि एक्सेप्शनसुद्धा येत नाही. खरी भीती त्याची वाटते.

हॉस्टेलवर तू भांडायचास, प्रायव्हेट म्हणजे नुसती पाटी, रिफ्लेक्शनपुढे काय टिकतं. मग मी एनम, म्हणजे ठरावीक ऑब्जेक्टांचीच यादी असलेला क्लास, करून दाखवला, त्याचा ऑब्जेक्ट रिफ्लेक्शनने बनेना, तर तू तरातरा चहाला निघून गेलास आणि पैसे मलाच द्यायला लावलेस! अजून हरलो म्हणाला नाहीस. पण कर्जखातं काही एनम करता येत नाही.

लीड म्हणतो, डेटाबेसमध्ये जुनी चुकीची खाती आहेत, हायबरनेट (डेटाबेसच्या नोंदींपासून ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) ती रिफ्लेक्शननेच उभी करतं, मग टेस्टने तशी का बनवू नयेत? मुद्दा खोटा नाही, तिथेच अडलोय. मला वाटतं जुन्या नोंदींसाठी वेगळ्या नावाची, पॅकेजपुरती (त्याच पॅकेजमधल्या कोडला दिसणारी) मेथड द्यावी, म्हणजे अशी खाती कुठून येतात ते कोडमध्ये दिसेल, बाकी सगळी फॅक्टरीतूनच. सोमवारी रिव्ह्यू आहे, त्याआधी फोन करून माझ्याशी कडकडून भांड, तुझ्यापुढे टिकलं तर तिथेही टिकेल.

नव्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझाच,
बंड्या