पाणी उतरलेली रापी आणि माझ्या माथी मारलेली ‘अयोग्य देखभाल’: लेदर टूल किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी

विषय: लेदरक्राफ्ट हॅन्ड टूल किट सदोष असल्यामुळे परत घेऊन पूर्ण पैसे देण्याबाबत

स.न.वि.वि.

माझ्या आधीच्या ईमेलला तुमच्या कस्टमर केअरनी जे उत्तर दिलं त्यामुळे हे पत्र लिहून राहिली आहे. उत्तरात लिहिलंय की हत्यारांवर आलेला गंज आणि गेलेली धार हे ग्राहकाच्या अयोग्य देखभालीमुळे झालं, म्हणून वॉरंटी लागू होत नाही. हे मला मान्य नाही, आणि का मान्य नाही ते एकेक हत्यार धरून सांगते, कारण तुमच्याकडे ज्यांनी हे उत्तर टाइप केलं त्यांनी माझे फोटो उघडून बघितले असतील असं वाटत नाही.

मी नागपूरला घरीच चामड्याचं काम करते, पाकिटं, बेल्ट, डायरीची कव्हरं, आणि पोळ्याच्या आधी तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याच्या, लाकडी बैलांसाठी घुंगरांचे पट्टे. तुमच्या पेजवर ‘हाय कार्बन स्टील, हातानं धार लावलेली, बॉक्समधून काढा आणि कामाला लागा’ असं लिहिलेलं होतं म्हणून ४,८०० रुपये भरून हे बत्तीस नगांचं किट मागवलं. हौस म्हणून नाही, जुनी हत्यारं झिजली होती आणि पट्ट्यांच्या ऑर्डरी हातात होत्या.

सगळ्यात आधी रापी, कारण चामड्याच्या कामात सगळं तिच्यावरच असतं, कापणं तिनंच आणि कडा पातळ करणं, म्हणजे स्काइव्हिंग, तेही तिनंच. तुमच्या रापीच्या धारेला लागून एका कोपऱ्यात निळसर जांभळा पट्टा आहे, फोटो क्रमांक २ मोठा करून बघा. कार्बन स्टील तापत गेलं की आधी फिकट पिवळं, मग तपकिरी, मग जांभळं आणि ३०० डिग्रीच्या आसपास निळं पडतं, म्हणजे तुमच्या कारखान्यात कोणीतरी ग्राइंडरवर ती रापी पाणी न लावता दाबून धरली आणि तिथेच तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग तिला कितीही पाजवा, धार येते, कागद कापते, आणि चामड्यावर चार हात मारले की परत बोथट. मी त्या कोपऱ्यावर बारीक कानस हलक्या हातानं फिरवली तर ती चक्क चावली, बारीक कीस निघाला. माझी जुनी रापी एका चर्मकार काकांनी पॉवर हॅकसॉच्या जुन्या पात्यापासून करून दिली होती, इतवारीत काम करायचे ते, तिच्यावर तीच कानस नुसती घसरते, ओरखडाही पडत नाही. हा फरक कोणत्याच तेलानं किंवा देखभालीनं पडत नाही, तो कारखान्यातच पडतो.

आता गंज. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मी पहिल्याच ईमेलसोबत पाठवला होता. त्यात प्लास्टिक फाडल्याबरोबर एज बेव्हलरच्या, म्हणजे चामड्याची कड सोलून गोल करायच्या हत्याराच्या, खाचेत तांबूस गंज दिसतो, मी हत्याराला हात लावायच्या आधी! माल पावसाळ्यात आला, तुम्ही सगळी धारदार हत्यारं वनस्पती टॅनिंगच्या चामड्याच्या गुंडाळीत घालून वर प्लास्टिक सील केलं, आणि असं चामडं दमट हवेत ओल धरतं, त्यात आम्लही असतं, त्यामुळे त्यात बंद करून ठेवलेल्या लोखंडाला गंज धरणारच. गुंडाळी दिसायला सुंदर आहे, पण ती टेबलावर हत्यारं मांडायला, साठवायला नाही, हे चामड्याचं सामान विकणाऱ्या कंपनीला माहीत असायला पाहिजे.

आणि बेव्हलरला खाचेत गंज लागला की तो सपाट निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, निघत नाही, कारण त्याची धार खाचेच्या आत असते. त्यासाठी बारीक तारेला २००० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेतून ओढावा लागतो आणि मग मेणचटलेल्या दोऱ्यावर हिरवं पॉलिश कंपाउंड लावून तो दोरा ओढत राहावं लागतं. मी ते केलं. केल्यावर दिसलं की खाच मुळातच एका बाजूला खोल घासलेली आहे, म्हणून कड सरळ सोलत नाही, चामडं खेचून फाडते. खाचेच्या तोंडावर कारखान्यातला खरखरीत काठही तसाच होता, म्हणजे ‘हातानं धार लावलेली’ हे जे तुम्ही छापलंय ते या हत्याराला कोणाचा हात लागलाच नाही असं दिसून राहिलं.

टाके मारायच्या दातेरी पंचांचं सांगते, हे जास्त गंभीर आहे कारण नवीन माणसाला हा दोष दिसतच नाही. तुम्ही ४ मिमी म्हणून दोन पंच दिले, एक दोन दातांचा, एक सहा दातांचा. सहा दातांमध्ये पाच अंतरं असतात, म्हणजे पहिल्या दाताच्या टोकापासून शेवटच्या दाताच्या टोकापर्यंत २० मिमी भरायला पाहिजे. व्हर्नियरवर २०.७ भरतं. दोन दातांचा ४.३ दाखवतो. आता सरळ रेषेत सहा दातांचा चालवायचा आणि वळणावर दोन दातांचा, अशीच पद्धत आहे, आणि शेवटच्या भोकात पहिला दात बसवून पुढे सरकायचं असतं, तर दोन्ही पंचांची मापं वेगळी असल्यावर कोपऱ्यापाशी टाका एक तर दाटतो नाही तर लांबतो. पाकिटाचे दोन तुकडे वेगवेगळे टोचून शिवायचे असतील तर शेवटी भोकांची संख्याच जुळत नाही. शिवाय सहा दातांतला चौथा दात आखूड आहे, तो मागच्या बाजूला निघतच नाही, मग प्रत्येक पाचव्या टाक्याला आरी घालून भोक पाडा. दातांच्या बाजू पॉलिश केलेल्या नाहीत, कारखान्यातल्या घासण्याच्या रेघा बोटाला लागतात, त्यामुळे पंच चामड्यात अडकतो आणि हलवून काढताना दात वाकतो. चांगल्या पंचाला थोडं मेण चोळलं की तो सरळ वर येतो.

तुमच्या माहितीपत्रकात पंचावर लोखंडी हातोडीनं जोरात मारा असं छापलं आहे, हे कृपा करून काढा. लोखंडावर लोखंड मारलं की पंचाचं डोकं पसरतं, काठाचे तुकडे उडतात आणि डोळ्यात जाऊ शकतात. पंचाला लाकडी किंवा नायलॉनची मोगरी, आणि खाली ग्रॅनाइट नको, जाड प्लास्टिकचा बोर्ड किंवा चामड्याचा तुकडा, म्हणजे दात आरपार गेला तरी टोक मोडत नाही. ग्रॅनाइट ठसे उमटवायला ठीक आहे, टोचायला नाही. आणि रापी बेंच ग्राइंडरवर धार लावा असंही त्यात आहे. हे वाचून कोणी चांगली रापी ग्राइंडरवर नेली तर तीही निळी करून बसेल. घरी रापीला १००० नंबरचा निसणा, मग ३००० किंवा त्याच्या वरचा, दोन्ही ओले, आणि शेवटी चामड्याच्या पट्टीवर हिरवं क्रोमियम ऑक्साइड लावून धार मागे राहील असं ओढायचं, एवढंच लागतं. रोज काम करणाऱ्यानं कामाच्या मधे मधे पट्टीवर दहा-बारा वेळा ओढली तर निसणा क्वचितच काढावा लागतो. मी हेच करते, म्हणून ‘अयोग्य देखभाल’ हा शब्द मला लागला.

माझं खरं नुकसान ठशांनी केलं. वनस्पती टॅनिंगचं चामडं बाभळीची साल, हिरडा यांच्या टॅनिननं कमावलेलं असतं, ठसा उमटवायच्या आधी ते ओलं करतात, आणि ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळा डाग पडतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून पूर्वी शाई करत तीच ही क्रिया, म्हणून ठशांवर क्रोम किंवा निकेलचा मुलामा देतात. तुमच्या फुलाच्या ठशाचा मुलामा तोंडावरूनच, पाकळीच्या काठाला, सोलून निघाला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मी बैलांच्या पट्ट्यांवर तोच ठसा मारत होते, आणि सकाळी बघते तर प्रत्येक फुलाच्या एका पाकळीला निळा-काळा डाग. लिंबाचा रस लावून डाग फिके झाले, गेले नाहीत, वर तिथलं चामडं कडक झालं. ते पट्टे लहान मुलांच्या बैलांच्या गळ्यात जाणार होते, मी असे डागाळलेले देऊ शकत नव्हते, दुसऱ्या चामड्यातून साधे, बिनठशाचे करून दिले. ज्यांनी फुलं असलेले सांगितले होते त्यांना मला नाही म्हणावं लागलं, याचं वाईट वाटतं.

माझ्याकडे दोन-तीन पोरी शिकायला येतात. त्यातल्या एकीनं तुमचंच किट घेतलं होतं, तिचे टाके वाकडे यायचे आणि ती म्हणायची ताई, माझा हातच नाही यात. हात तिचा चांगला आहे, माझ्या जुन्या पंचावर तिनं पहिल्यांदाच सरळ ओळ शिवली. घरून शिकणाऱ्याला बाजूला कोणी सांगायला नसतं, तो स्वतःलाच दोष देतो आणि सोडून देतो, म्हणून मी नुसते पैसे मागून गप्प बसत नाहीये. बत्तीस नग देण्यापेक्षा एक पाणी नीट असलेली रापी, एक आरी, जुळणाऱ्या मापाचे दोन पंच, मोगरी, कंपास आणि सुया इतकंच चांगलं दिलं तरी माणूस पाकीट, बेल्ट सगळं करू शकतो.

आता माझ्या मागण्या. पूर्ण ४,८०० रुपये परत आणि पिकअप तुमच्या खर्चानं. डागाळलेल्या चामड्याचे ६५० रुपये, बिल जोडलं आहे. पेजवरचं ‘हाय कार्बन, हातानं धार लावलेली’ हे एक तर खरं करा नाही तर काढा. आणि माहितीपत्रकातली हातोडीची आणि ग्राइंडरची सूचना बदला.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्यानं तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं आहे, आणि सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. नाही झालं तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मला तुमच्या शहरात यायची गरज नाही, नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात मी दाद मागू शकते.

एक विनंती, पिकअपला येणाऱ्या भाऊंना आधी फोन करायला सांगा. रापी आणि पंच मी पुठ्ठ्याचं कव्हर करून, वर ‘धारदार’ लिहून वेगळे बांधते, कोणाचा हात कापायला नको.

आपली ग्राहक,
मानेवाडा, नागपूर

सोबत: बिल, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, फोटो, व्हर्नियरच्या मापांचे फोटो, चामड्याचं बिल