स्टार किती ते राहू द्या, कडी बसते का ते सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून नव्या हॉटेलांवर आणि कॅफेंवर जे लिहून येतं, ते मी न चुकता वाचते. गेल्या रविवारी छत्रपती संभाजीनगरमधल्या गच्चीवरच्या एका कॅफेबद्दल अर्धं पान होतं. दिव्यांच्या माळा, वेताच्या खुर्च्या, कॉफीच्या फेसावर काढलेलं पान, सगळं आलं. पण प्यायला दिलेलं पाणी कुठलं होतं, दोघांचं बिल किती झालं आणि ते कोणी भरलं, हे काही कळलं नाही. त्यासाठीच हे पत्र.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीत काम करते. पीक पाहणी, विक्रेत्यांच्या भेटी, शेतकरी मेळावे यांसाठी महिन्यातले पंधरा-सोळा दिवस बाहेर असते. अंबड, सेलू, वसमत, मुखेड, उदगीर अशी गावं. चौदा वर्षं झाली, दुपारचं जेवण बाहेर आणि रात्रीचंही पुष्कळदा बाहेरच. आपल्याकडे हॉटेल म्हणजे जेवायचं ठिकाण आणि मुक्कामाचं ते लॉज. दोन्हींचे रिव्ह्यू मी आधी मोबाइलवर वाचते, हौस म्हणून नाही. परक्या गावात एकटी बाई चुकीच्या दारातून आत गेली, तर चारचौघांच्या नजरा झेलत उठून बाहेर येणं सोपं नसतं. अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळींवर माझी दुपार अवलंबून असते आणि त्या चार ओळी इतक्या बेफिकिरीने लिहिलेल्या असतात की राग येतो.

एका तालुक्याच्या गावी ‘एसी फॅमिली हॉल’ अशी मोठी पाटी पाहून मी आत गेले. मोबाइलवर साडेचार स्टार होते. ‘टेस्ट एक नंबर’, ‘विषय हार्ड’, ‘परत परत यावंसं वाटतं’ असे पन्नासेक शेरे. फॅमिली हॉल खरोखरच होता, स्वच्छ होता आणि शेवभाजीही चांगली होती. पण हात धुवायचं बेसिन परमिट रूमच्या पलीकडे होतं. भर दुपारी दहा-बारा टेबलांवर बाटल्या उघडलेल्या आणि त्यांच्या मधून वाट काढत जायचं. स्वच्छतागृह सगळ्यांना मिळून एकच, आणि दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी दोन भोकं होती. एका हाताने दार धरून ठेवावं लागलं. पन्नास शेऱ्यांपैकी एकातही यातलं अक्षर नव्हतं. ते शेरे खोटे होते असं मी म्हणत नाही. लिहिणारे बहुतेक परमिट रूममध्येच बसले असतील, त्यांना तिथून सगळं छानच दिसलं असणार. मग निदान आपण कुठे बसलो होतो, कोणाबरोबर होतो, एवढं तरी लिहावं.

दुसऱ्या एका गावी लॉजचे पैसे ऑनलाइन भरलेले होते. रात्री साडेनऊला पोहोचले तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सिंगल लेडीजला रूम देत नाही, मालकाचा नियम आहे.” ओळखपत्र दाखवणाऱ्या सज्ञान बाईला खोली देऊ नये असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. त्या रात्री आमच्या एका विक्रेत्याच्या घरी, त्यांच्या आईशेजारी गादी टाकून झोपले. ‘उत्तम मुक्काम, गरम पाणी मिळतं’ असं त्या लॉजबद्दल कितीतरी जणांनी लिहिलं होतं. मी घडलं ते तारखेसह लिहिलं.

फुकटच्या गुलाबजामचाही विषय काढायला हवा. बिल देताना वेटर मोबाइल पुढे करतो, “ताई, फाइव्ह स्टार टाका, स्वीट आमच्याकडून.” वेटरवर माझा राग नाही, त्याला दिवसाचे इतके रिव्ह्यू आणायला सांगितलेलं असतं. पण असे स्टार वाचून मुखेडचा शेतकरी नांदेडला मुलीच्या साखरपुड्यासाठी हॉल ठरवतो, हे लक्षात घ्या. ऑनलाइन रिव्ह्यू कसे घ्यावेत आणि कसे छापावेत याबद्दल भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं त्यात आहे. हे मानक ऐच्छिक आहे, त्यामुळे फारसं कोणी विचारत नाही. वर्तमानपत्राने मात्र ते आपणहून पाळावं. आपल्या पुरवणीतला मजकूर जाहिरात असेल तर तसं ठळक छापा. आम्ही जाहिरातही वाचतो, पण ती जाहिरात आहे हे कळलं पाहिजे.

आता माझ्या हातून जे झालं तेही सांगते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या एका छोट्या खानावळीत जेवले. जेवण कागदी पत्रावळीवर आलं, आमटी पातळ द्रोणात. द्रोण कलंडला आणि निम्मी आमटी टेबलावरून माझ्या ओढणीवर आली. कोपऱ्यातल्या फळीवर स्टीलची ताटं उपडी रचलेली मला दिसत होती. ताटं असून गिऱ्हाइकाला कागदावर वाढतात, म्हणून मी तिथेच बसून दोन स्टार दिले आणि ‘आळशी कारभार’ असं लिहिलं. पैसे देताना न राहवून बोललेही. गल्ल्यावरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “ताई, टँकर दोन दिवसांआड येतो. ताटं काढली की दोन ड्रम पाणी नुसतं भांड्यांना लागतं. मग तुम्हाला प्यायला काय देऊ?” त्यांनी मला दिलेला तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि तो मी निम्मा तसाच सोडला होता.

ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात मी मे महिन्यात स्टीलचं ताट मागत होते. मी मराठवाड्यातच वाढले आहे, घागरींची रांग मला नवी नाही, तरी मला हे सुचलं नाही. गाडीत बसून तो शेरा काढला आणि नव्याने लिहिला: मे महिन्यात पत्रावळी असतात, कारण पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात, वांग्याची भाजी उत्तम. ‘आळशी’ हा शब्द अर्धा-पाऊण तास तिथे होता, तेवढ्यात कोणी वाचला असेल का, हे अजून मनात येतं. पुढे पावसाळ्यानंतर पुन्हा गेले तेव्हा ताटं निघालेली होती. म्हणून परीक्षणात महिना लिहा अशी माझी विनंती आहे. आपल्या भागात हॉटेल जानेवारीत वेगळं असतं आणि मे महिन्यात वेगळं.

दुसरी गोष्ट मापाची. संभाजीनगरच्या नान-खलियाबद्दल, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याबद्दल, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी लिहिलेलं वाचते, ‘तेल फार’, ‘नान जाड’. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेच्या भटारखान्यांबरोबर हा पदार्थ इथे आला असं जुनी माणसं सांगतात. मोठ्या देगांत शेकड्यांना पुरेल असं करायचं हे जेवण आहे. वरची तर्री हीच त्याची जान, आणि ती शोषून घ्यायलाच तो पिवळसर नान जाड आणि मऊ करतात. आवडलं नाही तर जरूर लिहावं, पण रोगनजोशच्या मापाने खलिया मोजू नये.

भाकरीबद्दल तर मला बोलायचा हक्कच आहे, ज्वारी माझ्या रोजच्या कामातली. आता हायवेवरच्या प्रत्येक हॉटेलात ‘गावरान थाळी’ मिळते. परीक्षणं तिथल्या बैलगाडीच्या चाकाचं आणि कंदिलाचं कौतुक करतात. भाकरी मात्र कोणी मोडून पाहत नाही. रब्बीच्या मालदांडी ज्वारीची भाकरी पांढरी, गोडसर आणि गार झाली तरी मऊ राहते. खरिपाच्या, पावसात भिजून काळ्या पडलेल्या ज्वारीची भाकरी राखाडी दिसते आणि घशात अडकते. पीठ जुनं असेल तर ते विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग थापताना कडा फाटतात आणि हॉटेलवाले गव्हाचं पीठ मिसळून वेळ मारून नेतात. ती भाकरी चिवट लागते, ताणली की पोळीसारखी लांबते. ताजी भाकरी ताटात येते तेव्हा पापुद्रा सुटलेला असतो, तो उचलला की आतून वाफ येते. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ दिली आहे. ज्वारीच्या या मुलखातल्या परीक्षकाला भाकरी कळू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं. धपाटे, येसर आमटी, सकाळच्या गाडीवरची चुरमुऱ्यांची सुशीला यांचंही तेच. निलंगा राईसचं नाव निदान बाहेर गेलं, बाकीच्यांना दोन ओळीही मिळत नाहीत.

आणि लातूरच्या मेस. बारावी आणि नीटच्या तयारीसाठी हिंगोली, बीड, धाराशिव, नांदेडकडची मुलं तिथे दोन-दोन वर्षं मेसचं जेवतात. माझी भाची त्यांतली एक होती, पहिल्या चार महिन्यांत सहा किलोने उतरली. पालक क्लासची चौकशी दहा ठिकाणी करतात, मेस ठरते ती रूमच्या जवळची म्हणून. गच्चीवरच्या एका कॅफेची जागा वर्षातून चार वेळा या मेसना द्या. वरणात डाळ किती, रविवारी संध्याकाळी चूल बंद असते का, आजारी मुलाला खिचडी करून देतात का, एवढंच पाहून लिहा. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावलेला आहे का हेही बघा. बिलावरही तो छापणं जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. शहरातल्या महागड्या ठिकाणी बिलात न विचारता सेवा शुल्क धरलंय का तेही सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली, तरी आमच्यासारखे पुष्कळ जण संकोचाने भरून मोकळे होतात. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक प्रत्येक परीक्षणाखाली छापायला एक ओळ पुरते.

आपल्या वार्ताहरांत एखादी मुलगी असेलच. तिला बिलाचे पैसे कार्यालयातून द्या आणि आधी न कळवता, एखाद्या मंगळवारी दुपारी, सेलू किंवा वसमतला एकटीला जेवायला पाठवा. ती कुठे बसली, काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायली, हात धुवायला कुठून गेली आणि दाराची कडी बसली का, ते तिच्याच शब्दांत छापा.

आपली एक वाचक,
जालना