आई-बाबा, तिकिटं काढली आहेत

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

तिकिटं काढली आहेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून इंग्लंडला माझ्याकडे यायला निघायचं, जुलैअखेर परत. आधी विचारलं असतं तर बाबा "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले असते आणि आई त्यांच्या गुडघ्याच्या आड लपली असती. म्हणून आधी तिकिटं, मग पत्र. रागवा, पण या.

मागच्या खेपेला नोव्हेंबर होता. चार वाजता अंधार, मी कामावर, आणि तुम्ही दोघं त्या खिडकीपाशी. तुम्ही काही बोलून दाखवलं नाहीत, पण मला ते विसरता येत नाही. या वेळी उन्हाळा आहे, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, आणि मुख्य म्हणजे सोबत आहे. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातले बहुतेक लोक पासष्ट-सत्तरीचे, निवृत्त. गुडघे त्यांचेही दुखतात, गोळ्यांच्या डब्या त्यांच्याही पर्समध्ये असतात. मी ऑफिसात असतानाही बुधवारच्या सहलीला ते तुम्हाला घरून घेऊन जातील. मी सगळ्यांशी बोलून ठेवलं आहे.

आई, क्लब म्हणजे शर्यती नाहीत. ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांच्या वर कोणी जात नाही. महिन्यातून एकदा संध्याकाळी पबमध्ये गप्पांची बैठक. एप्रिल ते सप्टेंबर रविवारच्या सहली, मधल्या वारी चहा-केकसाठी छोटी फेरी, आणि दोन-तीन मोठी प्रदर्शनं. पबमध्ये दारू घ्यायलाच हवी असं मुळीच नाही. लाइम-सोडा मागायचा, अर्धे लोक गाडी चालवायची म्हणून तेच पितात. फक्त एक लक्षात ठेवा: इथे कोणी "काय घेणार?" म्हटलं की पहिल्याच "नको"ला खरं मानतात, दुसऱ्यांदा आग्रह होत नाही. हवं असेल तर पहिल्या झटक्याला हो म्हणा. आणि बाबा, गाडी कितीला घेतली हे विचारायचं नाही. कोणत्या सालची, किती वर्षं तुमच्याकडे आहे, इंजिन मूळचंच का, हे विचारा. मग तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

आता सहलीचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे आईची "बाथरूमचं काय" ही काळजी मिटेल. साडेनऊला एखाद्या मोठ्या नर्सरीच्या कॅफेच्या आवारात जमायचं. तिथे चहा आणि स्वच्छ टॉयलेट दोन्ही असतात, म्हणूनच ती जागा निवडतात. यादीवर सही करायची, मार्गाची वही घ्यायची, दहाला निघायचं. जेवणाआधी साधारण तीस मैल, तेही आडरस्त्यांनी. एकच्या सुमारास पबमध्ये जेवण, मग एखादी बाग किंवा जुना वाडा, चारला सगळे आपापल्या घरी. वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने वळायचं नाही, हा नियम. शेवटच्या गाडीत पाने, दोरी, पाणी, फॅन बेल्ट असं सगळं सामान असतं. गाडी बंद पडली तरी मागे एकटं कोणी राहत नाही. आंबा घाटासारखं काही होणार नाही.

ती वही बाबांच्या हातात द्यायची आहे. तिला ट्यूलिप म्हणतात. एकेका चौकोनात एकेक चौक काढलेला असतो. खालचा गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे जायचं तिकडे. शेजारी दोन आकडे: सुरुवातीपासून किती मैल आणि मागच्या खुणेपासून किती. चूक होते ती नेहमी दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष केल्याने. जुन्या मीटरचा आकडा टायरच्या मापाप्रमाणे थोडा पुढेमागे असतो, आणि एकूण मैलांवर विसंबलं की तीस मैलांत तो फरक एका चौकाइतका होतो. म्हणून प्रत्येक खुणेला टिकमार्क करायचा आणि पुढचे मैल तिथून मोजायचे. पुढची सूचना एक आधी वाचून सांगायची, वळण आल्यावर नाही. बाबांना हे शिकवावं लागणार नाही, तरी लिहिते.

आता जे सांगायचं ते सांगते. तुम्हा दोघांना वेगवेगळ्या गाड्यांत बसवणार आहे. ऐकून घ्या आधी. माझी ट्रायम्फ हेरल्ड दोन दारांची आहे, आपली होती तशी चार दारांची नाही. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून गुडघे दुमडून आत शिरावं लागतं, ते बाबांना जमणार नाही. म्हणजे बाबा पुढे. मग आई मागे? हेरल्डची मागची चाकं स्प्रिंगच्या आडव्या पाट्यावर उड्या मारतात, मागच्याला त्या सगळ्या जाणवतात. त्यात आईला घाटात होतं तसं होणार. शिवाय 1969 च्या गाडीला मागे पट्टे नाहीत. कायद्याने तसं बसता येतं, पण आईला मी बसवणार नाही. म्हणून आई क्लबातल्या एका बाईंच्या रोव्हर पी-सिक्समध्ये पुढच्या सीटवर. ती 1964 साली युरोपातली पहिली 'कार ऑफ द इयर' ठरली होती, सीट ऐसपैस, आणि मागचं सस्पेन्शन इतकं शांत की मांडीवर विणकाम करता येईल. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, हळू बोलतात, त्यांना गोधडी शिकायची आहे. जेवायला आणि चहाला तुम्ही एकत्रच असाल. आईने वही बघायची नाही, लांब क्षितिजाकडे बघायचं, आलेपाक तोंडात ठेवायचा, काच दोन बोटं उघडी.

बाबा, हेरल्डमध्ये बसायची रीत: आधी गाडीकडे पाठ, मग दाराच्या चौकटीला धरून बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली की अंग सहज वळतं, निघायच्या आधी ती काढायची. उतरताना हेच उलट. दाराला लटकायचं नाही, दाराचा बिजागर त्यासाठी नाही.

आणि गाडी रस्त्यावर तुम्हाला चालवायला देता येणार नाही. तुमच्या हातावर माझा किती भरवसा आहे हे मी सांगायला नको, तुमच्या मांडीवर बसूनच मी स्टिअरिंग धरलं. तुमचं भारतीय लायसन्स इथे पाहुण्याला बारा महिने चालतं, पण विमा आडवा येतो. जुन्या गाडीच्या पॉलिसीत वर्षाचे मैल ठरलेले, गाडीची किंमत आधी कबूल केलेली आणि चालकाच्या वयाला मर्यादा. मी विचारून पाहिलं, या वयाच्या पाहुण्याला घेत नाहीत. त्यापेक्षा मोठं काम तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे.

शनिवारी सकाळी आम्ही काही जण एकाच्या गॅरेजमध्ये जमतो. हेरल्डचं अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं हे तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या चाकावर बसून काम होतं, खाली वाकायला नको. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट 0.4 मिलिमीटरला, म्हणजे तुमच्या जुन्या फीलर गेजच्या पंधरा थाउला (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), आणि प्लगची पंचवीस थाउला लावायची. आजकालचे नवे कंडेन्सर आणि रोटर हलके येतात, गरम झाले की दगा देतात, म्हणून जुने चांगले असतील तर फेकू नये, असं सगळे म्हणतात. आपल्या गाडीला सोलेक्स कार्बोरेटर होता, माझ्या 13/60 मॉडेलला स्ट्रॉम्बर्ग आहे. त्यात रबराचा पडदा असतो. तो फाटला की पिस्टन वर उचलत नाही, गाडी चालते पण ओढत नाही. डोक्यावरच्या डँपरमध्ये तेल कमी झालं की ॲक्सिलरेटर दाबताच धक्का खाते. पुढच्या चाकाच्या ट्रनियनला, म्हणजे चाक वळतं त्या खालच्या सांध्याला, ग्रीस नाही, ईपी-90 गिअर तेल. ग्रीस घट्ट होऊन बसतं, खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरतं, उभा दांडा आतून गंजतो आणि एक दिवस पूर्ण वळणावर चाक मोडून आडवं होतं. इथल्या नव्या सभासदांना हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. पेट्रोलही सांभाळायचं: 2021 पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं. म्हणून पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल घालतो आणि नळ्या नव्या प्रकारच्या टाकल्या आहेत. वास येणार नाही, आई.

कार्यक्रम असा. पोचल्यावर पहिल्याच रविवारी ड्राइव्ह इट डे येईल. 23 एप्रिल 1900 ला निघालेल्या हजार मैलांच्या मोटारयात्रेच्या आठवणीत देशभर जुन्या गाड्या बाहेर काढतात. त्या दिवशी तुमची झोप जागेवर आलेली नसेल, म्हणून फक्त सुरुवातीच्या ठिकाणी चहा प्यायचा, हात हलवायचा आणि घरी. मे महिन्यात फॉक्स्टनला, कालव्याच्या दहा लॉकांच्या, म्हणजे होड्या वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यांच्या, जिन्यापाशी. खालच्या काठाने वाट सपाट आहे, बाबांना चालता येईल. जूनमध्ये लटरवर्थजवळ स्टॅनफर्ड हॉलच्या हिरवळीवर प्रदर्शन, आणि एक दिवस गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला. कव्हेंट्रीवरूनही जाऊ, बाबा, जिथे मूळ हेरल्ड 1959 पासून बनत होती. आपली मद्रासची, पण घराणं तेच. मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री कुठे उभी दिसली तर "ही तर आपली अँबॅसडर" असं खुशाल म्हणा, मालक खूश होतो.

प्रदर्शनात दोन गोष्टींची तयारी लागते. एकदा गाडी मैदानात लावली की साधारण चारपर्यंत बाहेर काढू देत नाहीत, कारण गर्दीत लहान मुलं फिरत असतात. म्हणजे औषधं, पाणी, शाल, सगळं सोबत. टॉयलेट तात्पुरती असतात, पाण्याची खात्री नाही, तेव्हा पिशवीत बाटली, ओले रुमाल आणि साबणाचे कागद ठेवा. हातांची, उंच पाठीची घडीची खुर्ची मी दोघांसाठी घेतली आहे, जमिनीलगतच्या बाबांना चालणार नाहीत. मे-जूनमध्ये गवताचे पराग उडतात, बाबांच्या शिंका सुरू होतील, म्हणून डॉक्टरांना ॲलर्जीची गोळी आत्ताच विचारून ठेवा. ऊन दिसलं तरी वारा गार असतो. थर्मल, स्वेटर, वरून वाऱ्याचं जॅकेट. माकडटोपी आणा बाबा, इथे उघड्या गाडीवाले त्याहून विचित्र टोप्या घालतात, कोणी बघत नाही. आई, साडीवर पायमोजे आणि बूट. गवत दुपारपर्यंत ओलं असतं, चपला नकोत.

जेवणाचं: पबचा मेनू पंधरा दिवस आधी भरून पाठवायचा असतो, तो मी भरेन. शाकाहारी असं लिहून भागत नाही. ग्रेव्ही मांसाची आहे का, चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळतात का, पुडिंगमध्ये जिलेटिन आहे का, हे तिन्ही फोन करून विचारते. आषाढीला बाहेर असलो तर जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला मोठा बटाटा, त्यावर लोणी-मीठ. दाण्याचं कूट मी डबीत आणीन. बैठकीत रॅफल, म्हणजे तिकिटांची सोडत असते, प्रत्येक जण एखादी वस्तू देतो. आई, तुझ्या हातची विणलेली पिशवी दे, पहिल्यांदा तीच उचलतील. चकली, चिवडा आणा, पण दाणे असतील तर डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं, कोणाला ॲलर्जी असते. पेढे, खव्याची बर्फी, तूप अजिबात नको. भारतातून दुधाचे पदार्थ आणायला इथे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात आणि आईला दोन दिवस वाईट वाटत राहतं.

औषधं मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. प्रवासाचा आरोग्यविमा मी घेते, पण बाबांचं बीपी, शुगर, गुडघा सगळं खरं खरं लिहायचं. इथे पाहुण्याला तातडीच्या विभागात पैसे पडत नाहीत, पण पुढे दाखल करावं लागलं तर दीडपट दराने बिल येतं, आणि लपवलेला आजार निघाला तर विमा हात वर करतो. विमानतळावर दोघांनाही व्हीलचेअर मागितली आहे. बाबा, तिथे "मी चालतो" म्हणायचं नाही. विमानात तासातासाला उठायचं, घट्ट मोजे घालायचे.

एवढं करा. या आठवड्यात बाबांच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि आईची शुगर करून रिपोर्ट पाठवा. व्हिसाची कागदपत्रं शेजारच्या दादाकडून स्कॅन करून घ्या, त्याला मी सांगितलं आहे. आणि बाबा, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतलं तुमचं फीलर गेज आणि छोटा पाना चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत टाकाल तर सुरक्षावाले काढून घेतील.

तुमची,
मिनू