चासीला टोचा लावून पाहणाऱ्या मेस्त्रीकाकांना

आदरणीय मेस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला घरी आले की तुम्ही विषय बदलता, यंदा मोहोर कसा आहे ते विचारता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. कोकणात कितीतरी पडव्यांत जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि त्यांच्या मालकांपुढे एकच प्रश्न आहे: चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजली; आता गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची? आमच्या गाडीपाशी तुम्ही जे केलंत, ते त्यांच्याही कानावर जायला हवं.

माझे वडील, डॉक्टर अण्णा, यांची गाडी 1967 ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. याच गाडीतून ते दसपटीतल्या गावांत व्हिजिटला जायचे, कुंभार्ली चढून कराड गाठायचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा ती शेडमध्ये होती. पाणी ओसरल्यावर सीटा निघाल्या, इंजिन खोललं गेलं, वायरिंग बदललं. चासीच्या पोटात बसलेला गाळ मात्र बाहेरून दिसणारा नव्हता. पुढच्या पावसाळ्यांत तो आतल्या आत ओल धरून राहिला आणि एक दिवस जॅक लावताना खालचा पत्रा कागदासारखा चुरगळला.

एका गॅरेजवाल्याने टॉर्च मारला आणि उभ्या उभ्या निकाल दिला, "चासी गेली, वजनावर देऊन टाका." दुसरा म्हणाला, वरून पत्रा मारतो, डांबर फासतो, कुणाला कळणार नाही. दोघांपैकी एकानेही गाडीखाली हात घातला नव्हता. अण्णा नव्वदीला टेकलेत. त्यांना काय सांगायचं हा घोर मला लागून राहिला होता.

तुम्ही आलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात तुमची उमेदीची वर्षं बसच्या चासींवर बॉड्या चढवण्यात गेलेली. तुम्ही गाडी उचलून टेकवायला घोड्या मागितल्यात, वायर ब्रश मागितला, जुना जाड स्क्रूड्रायव्हर मागितला आणि चटई टाकून खाली सरकलात. मग पोपडे पडायला लागले. माझा चेहरा बघून तुम्ही खालूनच म्हणालात, "ताई, पोपड्याला घाबरू नका. लोखंड गंजलं की फुगतं. एवढ्या जाड पोपड्यात लोखंड थोडंच असतं. तो निघाल्यावर मागे काय उरलं, ते बघायचं." तोवर मी गंज किती आहे एवढंच पाहत होते. शाबूत पत्रा किती उरलाय हा प्रश्न मला तुम्ही दिलात, आणि खरं सांगते, त्या एका वाक्याने माझी झोप परत आली.

मग हातोडीचा आवाज. पुढून मागे, बोटभर अंतरावर एकेक टोला. जिथे खणखणीत वाजलं तिथे पांढरा खडू, जिथे भद्द वाजलं तिथे लाल, आणि लाल जागी स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. इंजिनाखालचा भाग जवळजवळ सगळा पांढरा निघाला. वर्षानुवर्षं गळणाऱ्या ऑइलने तो राखला होता. दोन्ही बाजूंना बॉडी पेलायला निघालेले आउटरिगर, ज्यांना तुम्ही नुसतं "हात" म्हणता, ते मात्र लालेलाल झाले. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, हात नवे करता येतात, कणा सांगा कसा आहे.

हेराल्डचा कणा म्हणजे मधून जाणाऱ्या दोन पेटीसारख्या पट्ट्या. मागे त्यांच्यावरच डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा गोळा, टांगलेलं आणि त्याच्या डोक्यावर स्प्रिंगचा आडवा पाटा. तुम्ही मला विचारलंत, ॲम्बेसेडरला आणि फियाटला अशी वेगळी चासी नाही, मग एवढ्याशा गाडीला कशाला? मी वाचलेलं सांगितलं. इंग्लंडमध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉड्या पुरवणारी फिशर अँड लडलो कंपनी 1953 मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या दुसऱ्या गाडी कंपनीने घेतली. पुढे नव्या गाडीची अखंड बॉडी करून द्यायला कुणी मिळेना. म्हणून 1959 च्या ट्रायम्फ हेराल्डसाठी त्यांनी जुन्या धर्तीची चासी केली आणि मिकेलॉट्टीने आखलेली बॉडी तुकड्यातुकड्यांत बनवून तिच्यावर बोल्टने बसवली. तीच गाडी 1961 पासून मद्रासकडे स्टँडर्ड हेराल्ड म्हणून निघू लागली. तुम्ही मान डोलावलीत. "म्हणजे हिचा निवाडा सोपा. अंग वेगळं, कणा वेगळा. एकाच्या पापात दुसऱ्याला धरायला नको."

डिफरन्शियलच्या शेजारी तुम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवलात. भोकातून तार घातलीत तेव्हा पुराचा सुका गाळ ढेपा ढेपांनी खाली आला, त्यात भाताचं तूससुद्धा होतं. धुऊन, वाळवून पुन्हा टोले. उजवी पट्टी खणखणीत वाजली. डावीचा तळ वीतभर लांबीत गेलेला होता, बाजूच्या दोन्ही भिंती आणि माथा शाबूत. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हिशेब मांडून दाखवलात: इथे दोन्ही पट्ट्या गेल्या असत्या तर मी तुम्हाला दुसरी चासी शोधा म्हटलं असतं. एकीचा तळ गेलाय, तो कापून बदलता येतो. पण चासी वाकलेली असेल तर यातलं काहीच करू नका.

वाकली आहे की नाही, हे पाहायला तुम्ही गवंड्याचा ओळंबा काढलात. चासीच्या ठरावीक बोल्टांवरून तो सोडायचा, टोक स्थिरावलं की कोब्यावर खडूची फुली. सगळ्या फुल्या झाल्यावर गाडी पुढे ढकलली आणि दोरीने तिरके कर्ण मोजले. जेमतेम सूतभर फरक. अण्णा खुर्चीतून वाकून बघत होते. "चौकोन शाबूत आहे," तुम्ही म्हणालात, आणि निर्णय तिथेच झाला. पण तो तुम्ही उच्चारला नाहीत, आमच्याकडून उच्चारून घेतलात. खर्च काय येईल, गाडी किती चालेल, विकली तर तेवढे पैसे कधीच सुटणार नाहीत, हेही आडपडदा न ठेवता सांगितलंत. मजुरी मिळावी म्हणून हो म्हणणारे पुष्कळ असतात. तुम्ही मजुरीचं नावच काढलं नव्हतं.

चासी बदलण्यापेक्षा दुरुस्त करणं कागदोपत्रीही बरं पडलं. 2021 च्याच जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले: 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. हे सांगितल्यावर तुम्ही प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायला लावलात, कापण्याआधी आणि जोडल्यानंतर. ते फोटो आता फाईलला लावलेत.

खेर्डीच्या एमआयडीसीतला वेल्डर मुलगा तुम्हीच आणलात. डोळ्यांमुळे तुम्ही स्वतः वेल्डिंग करत नाही, पण स्टुलावर बसून त्याला एकही ठिगळ गंजावर मारू दिलं नाहीत. चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापायचं, शाबूत जागी मोजलेल्या जाडीचाच पत्रा घ्यायचा, एका वेळी एकच हात कापायचा आणि प्रत्येक जोडानंतर दार उघडून लावून बघायचं. दाराची फट बदलली की चासी हलली, हे त्या मुलालाही नवीन होतं. पाणी निथळायची भोकं तुम्ही मूळ जागीच पुन्हा पाडून घेतलीत. ती बुजल्यामुळेच एवढं रामायण झालं, असं तुम्ही त्याला बजावत होतात. तो पोरगा आता दुसऱ्या गाड्यांखालीही खडू घेऊन शिरतो, हे मी परवा डोळ्यांनी पाहिलं.

काका, अण्णांची गाडी वाचली याचं मोल आहेच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की "नको" म्हणायची वेळ आली असती तरी आम्ही ते नीट बघून, समजून म्हटलं असतं. ती खात्री तुम्ही आम्हाला दिलीत, अंग दुखत असताना, चटईवर पाठ टेकून. तुमच्या या उपकारांची फेड आमच्याच्याने होणार नाही.

रेड ऑक्साइड रंगाचे थर देऊन झाले आहेत. पेटीच्या आत वॅक्स मारायचं तेवढं राहिलंय आणि डिकीखालच्या दोन हातांचं अजून ठरायचं आहे. एक टोचला तर टिकतो, एक जरा दबतो. तो ठेवायचा की आताच कापायचा, हे तुम्ही हात लावून सांगावं अशी अण्णांची इच्छा आहे. रविवारी जेवायलाच या, काकूंनाही घेऊन या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
डॉक्टरांची मधली मुलगी
चिपळूण